सतरा दिवसांतल्या चार सोनोग्राफी

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. मोजमापं आणि दिवसांची अंतरं मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

पार्श्वभूमी

तिला सुलभा म्हणू. वय ३१, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं गाव, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्नाला पाच वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी एकदा दिवस राहिले होते, नवव्या आठवड्यात आपोआप गर्भपात झाला. पाळी लहानपणापासूनच लांबणारी, ३८ ते ४२ दिवसांनी येणारी.

यंदा शेवटच्या पाळीपासून ३९व्या दिवशी तिने घरी लघवीची चाचणी केली, दोन रेघा आल्या. त्यानंतर बाराव्या दिवशी तपकिरी डाग दिसला. नवऱ्याने तिला स्कूटरवरून न नेता शेजाऱ्याची गाडी मागून शहरातल्या एका सोनोग्राफी केंद्रात नेलं. पोटावरून सोनोग्राफी झाली. अहवालात लिहिलं होतं: पाळीच्या तारखेनुसार ७ आठवडे २ दिवस, सॅक (गर्भाभोवतीची थैली) १३ मिलिमीटर, आत गर्भ दिसत नाही, ब्लायटेड ओव्हम (गर्भ न धरलेली रिकामी सॅक), क्युरेटिंगचा (गर्भाशय साफ करण्याचा) सल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी यायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उपाशीपोटी आली, पण माझ्याकडे. सोबत नवरा आणि सासूबाई. मी अहवाल वाचत असताना तीच म्हणाली, "मॅडम, तुम्हीही तेच म्हणालात तर आजच उरकून टाका. परत हिंमत होणार नाही."

अडचण

अहवालातली मापं चुकीची नव्हती. मापांवरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा होता.

"७ आठवडे २ दिवस" हे गणित २८ दिवसांची पाळी धरून केलेलं असतं. अशा पाळीत बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. सुलभाची पाळी चाळीस दिवसांची, म्हणजे बीज सव्विसाव्या दिवसाच्या आगेमागे सुटलेलं. बारा दिवस वजा केले की त्या दिवशीचं गर्भाचं खरं वय साडेपाच आठवड्यांच्या जवळ येतं. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास सॅक दिसू लागते, साडेपाचच्या आसपास तिच्यात योक सॅकचं, म्हणजे सुरुवातीला गर्भाला पोसणाऱ्या थैलीचं, छोटं कडं दिसतं, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भ आणि त्याचा ठोका. पोटावरून बघितलं तर हे सगळं आणखी उशिरा दिसतं. साडेपाच आठवड्यांना पोटावरून गर्भ दिसला नाही, एवढंच त्या अहवालातून खरं तर कळत होतं.

किती मापाला गर्भ गेला म्हणायचं, याच्या मर्यादा कुठून आल्या तेही सांगायला हवं. पूर्वी १६ किंवा २० मिलिमीटरची रिकामी सॅक, किंवा ५ मिलिमीटरच्या गर्भात ठोका नाही, एवढ्यावर गर्भ गेला असं ठरवत. २०११ साली ब्रिटनमधल्या अभ्यासांनी दाखवलं की या मापांना ठरवलेल्या काही गरोदरपणांत गर्भ जिवंत असू शकतो. आयर्लंडमध्ये त्याच सुमारास चुकीच्या निदानांवरून राष्ट्रीय पातळीवर आढावा घ्यावा लागला होता. त्यानंतर मर्यादा वर सरकल्या. २०१२ साली अमेरिकेतल्या सोनोग्राफी तज्ज्ञांची बैठक झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत सॅकचं सरासरी माप २५ मिलिमीटर किंवा जास्त आणि आत गर्भ नाही, किंवा गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि ठोका नाही, तरच निश्चित म्हणायचं. त्याखाली सगळी शंका. शंकेला उपाय एकच, काही दिवसांनी पुन्हा बघणं. पहिल्या वेळी योक सॅक असलेली सॅक दिसली असेल तर ११ दिवसांनीही ठोक्यासह गर्भ न दिसणं, आणि योक सॅक नसलेली दिसली असेल तर दोन आठवड्यांनी न दिसणं, हेही निश्चित धरतात.

१३ मिलिमीटर यात कुठेच बसत नाही. जुन्या १६ मध्येसुद्धा नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तिनेच मांडला होता, आजच क्युरेटिंग. तो मी लगेच बाजूला ठेवला.

दुसरा, दर दोन दिवसांनी रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं संप्रेरक, बघणं. गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे कळत नसताना या चाचणीचा खूप उपयोग होतो. पण सॅक गर्भाशयात स्पष्ट दिसत असेल तर आकडा पुरेसा वाढला नाही म्हणून गर्भ गेला असं म्हणता येत नाही, आणि वाढला म्हणून तगेल असंही नाही. सुलभाच्या सासूबाईंना "रक्त तपासा ना" असं फार वाटत होतं, कारण वाट बघण्यापेक्षा काहीतरी केल्यासारखं वाटतं. मी नको म्हटलं.

तिसरा, आतून सोनोग्राफी करून स्वतः बघणं आणि पुढची तारीख ठरवणं. तोच घेतला.

पहिली आमची सोनोग्राफी

फॉर्म एफ (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायचा फॉर्म) भरताना आधार कार्ड घरी राहिलं असं लक्षात आलं, नवऱ्याने गावाहून फोटो मागवला, त्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास कामाला आला. चाचणी कोणत्या दिवशी केली, रेघ गडद होती की फिकट, मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा काय, हे मी वहीत मांडून घेतलं. चाचणी १३ दिवसांपूर्वी सकारात्मक आली होती, म्हणजे गर्भ पाच आठवड्यांच्या आतला असणं शक्य नव्हतं. लांब पाळीचं गणित पावणेसहाच्या जवळ येत होतं. ही दोन टोकं मशीनला हात लावण्याआधीच कागदावर होती.

सॅक गर्भाशयात, सरासरी माप १२ मिलिमीटर. आत ४ मिलिमीटरचं योक सॅकचं स्वच्छ गोल कडं. गर्भ दिसत नव्हता. सॅकच्या खालच्या कडेला रक्ताची छोटी गुठळी, डाग तिचाच. नळ्यांच्या बाजूला काही नाही. वहीतल्या वयाला हे चित्र शोभत होतं.

मी सांगितलं, "आज काहीच ठरवता येत नाही. जे दिसतंय ते या वयाला बरोबर आहे. आधी चहा घ्या." तिने चहा आणि दोन बिस्किटं तपासणीच्या खाटेवर बसूनच खाल्ली.

प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे गरोदरपण टिकवणाऱ्या संप्रेरकाचा, विचार केला. २०१९ सालच्या प्रिझम अभ्यासात रक्तस्राव होणाऱ्या ४,१५३ गरोदर बायकांना प्रोजेस्टेरॉन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. एकूण बघता फरक ठोस नव्हता, ७५ टक्के विरुद्ध ७२ टक्के. पण ज्यांचा आधी गर्भपात झाला होता त्यांच्यात फायदा दिसला, आणि २०२१ पासून ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या सूचनांत आधीचा गर्भपात अधिक रक्तस्राव असेल तर योनीमार्गातून ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा सल्ला आला. सुलभा त्यात बसत होती. औषध सुरू केलं. गुणसूत्रांतच बिघाड असेल तर हे औषध काही करू शकत नाही, हेही सांगितलं. अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही म्हटलं, त्यावर सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी ओळखते. झोपून राहिल्याने गर्भ टिकतो याला पुरावा नाही, पण घरातल्या मोठ्यांना ते पटवणं एका भेटीत होत नाही.

मग तारीख. योक सॅक दिसली होती, म्हणून ११ दिवसांनी बघितलं असतं तर काहीही दिसलं तरी उत्तर पक्कं मिळालं असतं. पण अकरावा दिवस म्हणजे चवथ. दवाखाना बंद, तिच्या घरी दीड दिवसाचा गणपती, मुंबईहून दीर-जाऊ येणार. ती म्हणाली, "चवथीच्या आधी कळलं तर बरं. मनात हे घेऊन मोदक करणं जमणार नाही." मी आठवा दिवस दिला. ठोका दिसला तर उत्तर, नाही दिसला तर परत शंका, हे मी तेव्हाच बोलले. जे बोलले नाही ते तिसरं होतं, ठोका दिसेल पण बरा नसेल.

दुसरी आमची सोनोग्राफी

आठव्या दिवशी खोलीत तिघंही आले. मी प्रोब ठेवला, सॅकच्या कडेला लहानसा गर्भ आणि त्यात मिणमिण हलणारा ठिपका. सहाव्या-सातव्या आठवड्यातला ठोका ऐकू येण्याआधी डोळ्यांना दिसतो, पणतीची वात हलावी तसा. मी मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला आणि म्हणाले, "हे बघा, ठोका."

सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "सातेरीला नारळ ठेवते," म्हणाल्या. नवरा खोलीबाहेर गेला तो फोन करायलाच.

तेवढ्यात मी मोजायला घेतलं. गर्भ ३.८ मिलिमीटर. एम-मोडवर, म्हणजे हालचाल पट्टीवर लाटांसारखी उमटवणाऱ्या सोनोग्राफीत, ठोके मिनिटाला ८४.

वहीतल्या गणिताने त्या दिवशी ६ आठवडे ६ दिवस होत होते. त्या वयाला गर्भ ८ मिलिमीटरच्या आसपास हवा. तारीख चार-पाच दिवस चुकली असं म्हणावं, तर आठ दिवसांपूर्वी योक सॅक दिसलेली होती, त्यामुळे वय फार मागे ढकलता येत नव्हतं. ठोक्यांबाबत १९९५ सालचा एक अमेरिकी अभ्यास आजही वापरतात: सव्वासहा आठवड्यांपर्यंत मिनिटाला १००, त्यानंतर सात आठवडे होईपर्यंत १२० ही खालची मर्यादा. ९० च्या खाली ठोके असलेले बरेचसे गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच जातात. वाढ मागे आणि ठोके मंद या दोन गोष्टी एकत्र दिसल्या होत्या.

नवरा आत आला आणि विचारलं, "आवाज ऐकवता का?" डॉप्लरने आवाज काढता येतो, पण इतक्या लहान गर्भावर त्याची ऊर्जा एकवटते, म्हणून या आठवड्यांत मी तो लावत नाही. एवढं मी नीट समजावून सांगितलं. आणि त्यानंतर म्हणाले, "ठोके थोडे मंद आहेत. पण सुरुवातीला असतं कधीकधी. आठवड्याने बघू."

हे वाक्य खोटं नव्हतं. ठोका नुकताच सुरू होतो तेव्हा तो मंदच असतो. पण तिच्या बाबतीत ते लागू नाही हे मला पाच मिनिटांपूर्वी वहीतून कळलेलं होतं. समोर तीन माणसांचे चेहरे उजळले होते आणि ते मीच उजळवले होते. ते परत घ्यायची हिंमत झाली नाही.

पुढची तारीख चवथीनंतरची, आणखी आठ दिवसांनी.

तिसरी आमची सोनोग्राफी

डाग वाढला नव्हता. पोटात दुखत नव्हतं. फक्त सकाळची मळमळ गेली होती आणि ते तिने स्वतःहून सांगितलं नाही, मी विचारल्यावर सांगितलं.

गर्भ ४.४ मिलिमीटर. ठिपका स्थिर. मी दोन मिनिटं प्रोब न हलवता बघितलं. गर्भ ७ मिलिमीटरच्या आत होता, पण ही मर्यादा आधी ठोका कधी दिसलाच नाही अशांसाठी. इथे दिसलेला ठोका आता नव्हता, आणि आठ दिवसांत वाढ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तरीही एकटीने ठरवायचं नाही हा आमचा नियम आहे. शेजारच्या इमारतीतल्या सहकारी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी माझं मत न विचारता स्वतः बघितलं. तेच निघालं.

या वेळी मॉनिटर माझ्याकडेच होता. मी मशीन थांबवली, तिला उठून बसायला दिलं आणि सांगितलं, "ठोका थांबला आहे. गर्भ गेला आहे. यात शंका नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "बाये, मग त्या पहिल्या डॉक्टरचंच खरं होतं ना? अडीच आठवडे हिला उगाच टांगून ठेवलं."

मी हा प्रश्न टाळला नाही. पहिल्या दिवशी जे दिसत होतं त्यावरून कोणालाच काही सांगता येणार नव्हतं. तसंच चित्र असलेल्या दुसऱ्या बाईचा गर्भ आज नीट वाढत असता, आणि त्या दिवशी क्युरेटिंग केलं असतं तर तो गेला असता आणि कोणाला कधी कळलंही नसतं. त्या पहिल्या डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. ते निदान नव्हतं. आणि त्याच सकाळी सुलभाचा हा गर्भसुद्धा जिवंत होता, आठ दिवसांनी त्याचा ठोका आपण सगळ्यांनी पाहिला. सासूबाईंना हे पटलं का, मला माहीत नाही. सुलभाने मान हलवली.

नंतर, सासूबाई बाहेर बसलेल्या असताना, सुलभा एकटी आत आली. तिने दाराकडे बघून हळू विचारलं, "चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायला मी स्टुलावर चढले होते. नारळाची पेंड वर दिली. त्यानेच झालं का?"

माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळा-पानांची चौकट. तिला दोन्ही सोनोग्राफींचे कागद शेजारी ठेवून दाखवले. माटोळी बांधली त्याच्या दोन दिवस आधीच गर्भ मागे पडलेला होता, ठोके ८४ होते. स्टूल नंतर आलं. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचा बिघाड सापडतो, तो गर्भ तयार होतानाच घडलेला असतो. आकडे बघून ती पहिल्यांदा रडली. मला वाटतं, त्या सतरा दिवसांत त्या मापांचा सगळ्यात मोठा उपयोग तिथे झाला.

पुढे काय केलं

तीन वाटा होत्या: आपोआप होईपर्यंत थांबणं, गोळ्या, किंवा हाताच्या सिरिंजने पिशवी रिकामी करणं, ज्याला एमव्हीए म्हणतात. तिने गोळ्या निवडल्या. आधी मिफेप्रिस्टोन, ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल. एकच अट घातली, गोळ्या गावी घ्यायच्या नाहीत. पावसाळ्यात त्या वाडीवर रात्री फोन लागेलच असं नाही, आणि तासाला दोन मोठी पॅड भिजू लागली तर १०८ येईपर्यंत वेळ जातो. साखळी शहरात तिची बहीण राहते, तिथे चार दिवस राहिली. रक्तगट बी पॉझिटिव्ह, त्यामुळे निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांना लागणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न नव्हता. त्रास झाला, पण घरीच निभावलं. तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी नकारात्मक.

हा दुसरा गर्भपात, म्हणून तिसऱ्याची वाट न बघता तपासण्या सुरू केल्या: थायरॉइड, साखर, अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्तात गुठळ्या करून गर्भपात घडवू शकणारी प्रथिनं) आणि गर्भाशयाचा आकार बघायला थ्रीडी सोनोग्राफी. अँटीबॉडी सकारात्मक आल्या तर बारा आठवड्यांनी परत बघाव्या लागतात. तिच्या नकारात्मक आल्या. थायरॉइड थोडं वर निघालं, त्यावर उपचार चालू आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

वाट बघण्याचा निर्णय मी परत तसाच घेईन. क्युरेटिंग नाकारण्याचाही.

आठव्या दिवशी बोलवणं तितकं सरळ नव्हतं. अकरावा दिवस गाठता येत नव्हता हे खरं, पण चवथीनंतरचा दिवस देता आला असता. मग तिने सण "अजून माहीत नाही" या अवस्थेत काढला असता. आठव्या दिवसामुळे तिने तो "ठोका आला" या आनंदात काढला, आणि चार दिवसांनी तो आनंद गेला. यातलं कमी दुःखाचं कोणतं, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, ठोका बघायला मिळाला हे तिला हवंच होतं. पण मंद म्हणजे किती मंद, हेही हवं होतं.

म्हणून आता मोजल्याशिवाय मॉनिटर फिरवत नाही. आधी बघते, एम-मोडवर मोजते, वहीतल्या वयाशी ताडते, तोपर्यंत गप्प राहते आणि "दोन मिनिटं बोलणार नाही, मोजते आहे" असं आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी जे म्हणायला हवं होतं ते असं: "ठोका आहे. पण मंद आहे आणि गर्भ वयाच्या मानाने लहान आहे. तगण्यापेक्षा जाण्याची शक्यता मला जास्त दिसते. पक्कं आठवड्याने कळेल. गावात आत्ताच सांगू नका." पाच वाक्यं. ती ऐकून सण कदाचित झाकोळला असता, पण सुलभा तयार असती.

खोलीत कोण असावं, हेही मी तिला विचारलं नव्हतं. माटोळीचा प्रश्न तिने सासूबाई बाहेर गेल्यावर विचारला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आता तपासणीआधी बाईला एकटीला विचारते.

त्या पहिल्या केंद्रातल्या डॉक्टरांना मी सुरुवातीला फोन केला नाही. दुसऱ्याच्या अहवालावर बोलणं अवघड जातं. सगळं झाल्यावर केला. पाळी चाळीस दिवसांची होती हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, फॉर्मवर फक्त शेवटच्या पाळीची तारीख होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाळी किती दिवसांनी येते, हा एक रकाना त्यांच्या फॉर्मवर आता आहे. माझ्या अहवालात मी "आज निश्चित सांगता येत नाही, अमुक तारखेला परत" हे वाक्य ठळक लिहिते, कारण घरी गेल्यावर लोक तेवढंच वाचतात.

दोन महिन्यांनी सुलभा थायरॉइडचा रिपोर्ट दाखवायला आली तेव्हा तिने आठव्या दिवसाचा प्रिंट मागितला, ज्यात एम-मोडच्या पट्टीवर ठोक्यांच्या लाटा उमटल्या होत्या. फाइलमधून काढून दिला. हे थर्मल कागद उन्हात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्ष-दोन वर्षांत पांढरे पडतात, म्हणून समोरच्या दुकानात जाऊन आधी झेरॉक्स काढून घ्या, असं तिला सांगितलं. तिने दोन काढल्या.